रेशन कार्डावरचे पहिले नाव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना, रेशन, कामगार विमा (ईएसआय), भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि वीजबिल यांविषयी बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी भागातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत. पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. यांतील बहुतेक कुटुंबे त्या त्या योजनेस पात्र आहेत. मात्र रेशन कार्डावर पहिले नाव कोणाचे आहे, ते आधार कार्डावर कसे लिहिले आहे आणि आधारशी कोणते बँक खाते जोडलेले आहे, या तीन जागी त्यांचे काम अडले आहे. म्हणून कोणत्याही कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वी हे तीन कागद एकाशेजारी एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत, अशी सर्व वाचकांना विनंती आहे.

प्रश्न : आमचे वडगावात एकत्र कुटुंब आहे. माझे पती आणि दीर दोघेही यंत्रमागावर काम करतात. रेशन कार्डावर सासूबाईंचे नाव पहिले होते आणि गृहलक्ष्मीचे पैसे त्यांच्या खात्यावर येत होते. चार महिन्यांपूर्वी त्या वारल्या. आता हे पैसे मला मिळतील की माझ्या जावेला? दोघींनाही मिळावेत म्हणून कार्ड वेगळे करून घ्या, असे शेजारी सुचवतात. ते करावे का?
– एक गृहिणी, वडगाव

उत्तर : गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये ३० ऑगस्ट २०२३ पासून दिले जाऊ लागले, आणि ते रेशन कार्डावर ‘यजमानी’ म्हणून, म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून, जिची नोंद आहे त्या एकाच स्त्रीला मिळतात. एका कार्डावर कितीही सुना असल्या तरी लाभार्थी एकच असते. कुटुंबप्रमुख कोणी व्हावे, हे घरातील मानपानावर ठरत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याच्या कलम १३ नुसार घरातील अठरा वर्षांवरील स्त्रियांपैकी जी वयाने सर्वांत मोठी असेल, ती रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख मानली जाते. आपल्या समाजात थोरल्या भावाची पत्नी ती थोरली जाऊ. परंतु धाकट्या भावाची पत्नी वयाने मोठी असेल, तर कायद्याच्या दृष्टीने कार्डावर पहिले नाव तिचे येईल. हे आधीच समजून घेतले तर घरात उगाच मन दुखावणार नाही.

महानगरपालिकेकडून मृत्यूचा दाखला घेऊन प्रथम सासूबाईंचे नाव कार्डावरून कमी करून घ्यावे, नव्या कुटुंबप्रमुखाची नोंद करावी, कार्डावरील सर्वांची ई-केवायसी पूर्ण आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच ‘कर्नाटक वन’ या सरकारी सेवा केंद्रात नव्या यजमानीच्या नावे गृहलक्ष्मीचा अर्ज नव्याने भरावा. कार्डावरील बदल नोंदला जाण्यापूर्वी केलेला अर्ज जुन्याच नावापाशी अडकतो. या नोंदणीसाठी शुल्क नाही. सासूबाईंच्या निधनानंतर त्यांच्या खात्यावर एखादा हप्ता जमा झाला असेल, तर त्यांचे एटीएम कार्ड वापरून तो काढू नये. ती रक्कम त्यांच्या हयातीतील हक्काची नाही आणि पुढे वसुली निघाली तर ती कुटुंबाच्याच अंगावर येईल.

नावाच्या लिखाणाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या भागात एकाच बाईचे नाव आधारवर लक्ष्मीबाई, रेशन कार्डावर लक्ष्मी आणि बँकेच्या पासबुकात लक्ष्मव्वा असे असू शकते, आणि माहेरचे आडनाव एका कागदावर तसेच राहून गेलेले असते. माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळते, संगणकाला कळत नाही. दुसरे असे की, सरकारी अनुदान अर्जात लिहिलेल्या खात्यावरच जाते असे नाही; आधारशी अगदी शेवटी जे खाते जोडले गेले असेल, त्या खात्यावर ते जाते. पूर्वी एखाद्या कर्जगटासाठी किंवा गॅसच्या अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल, तर पैसे तेथे पडून असण्याची शक्यता असते. ‘पैसे आलेच नाहीत’ अशी तक्रार करण्यापूर्वी आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे, हे बँकेत विचारून घ्यावे.

कार्ड वेगळे करण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. दोन भावांच्या चुली खरोखर वेगळ्या असतील, तर वेगळे कार्ड हा त्यांचा हक्क आहे आणि तो मागण्यात संकोच नको. चूल एकच असताना केवळ २,००० रुपयांसाठी खोटे विभाजन दाखवले, तर चौकशीच्या वेळी दोन्ही कार्डे अडचणीत येतात आणि त्यात धान्यही जाते.

प्रश्न : मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे काम करतो. महिना १४,००० रुपये पगार आहे. ठेकेदार म्हणतो की, पीएफ आणि ईएसआय कापले तर तुझा पगार सरकारच्या नोंदीत दिसेल आणि तुझे बीपीएल कार्ड रद्द होईल. त्यापेक्षा पगार रोख घे, मी महिन्याला ५०० रुपये वाढवून देतो. घरी पत्नी, आई आणि दोन मुले आहेत. काय करावे?
– एक कामगार, मजगाव

उत्तर : हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कर्नाटकात बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील, कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,२०,००० रुपये आहे. आपला पगार वर्षाला १,६८,००० रुपये होतो. म्हणजे पीएफ कापला काय किंवा न कापला काय, आपले उत्पन्न नियमाप्रमाणे मर्यादेच्या वरच आहे. कपातीमुळे उत्पन्न वाढत नाही, ते फक्त कागदावर येते.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. १,२०,००० रुपये म्हणजे महिन्याला १०,००० रुपये. ज्या कारखान्यात पूर्ण महिना काम करणाऱ्याला कायद्याने ठरलेले किमान वेतनच याहून अधिक आहे, तेथील कामगार किमान वेतन प्रामाणिकपणे घेऊ लागला की दारिद्र्यरेषेच्या वर गणला जातो. पाच माणसांच्या घरात १४,००० रुपयांत भाडे, शाळा आणि औषधे कशी भागतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ही मर्यादा वाढली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात मोठ्या प्रमाणावर बीपीएल कार्डे रद्द झाली तेव्हा लोकांत असंतोष पसरला, आणि आयकर भरणारे व सरकारी नोकर वगळता इतरांची कार्डे पूर्ववत करण्याचे आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावे लागले. म्हणून पीएफचे खाते उघडले की त्याच दिवशी कार्ड जाते, असे समजण्याचे कारण नाही. तरीही ते कधीतरी जाऊ शकते, हे गृहीत धरूनच हिशेब मांडू.

कार्ड बीपीएलचे एपीएल (दारिद्र्यरेषेवरील) झाले, तर मोठे नुकसान धान्याचे होते. केंद्राच्या कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो धान्य मिळते आणि अन्नभाग्य योजनेत राज्याने आणखी ५ किलोची भर घातली. जुलै २०२३ मध्ये वाढीव तांदूळ उपलब्ध न झाल्याने सरकारने त्याबदल्यात किलोला ३४ रुपये, म्हणजे माणशी १७० रुपये, खात्यावर जमा केले होते. तोच दर धरला, तर पाच जणांचे ५० किलो धान्य महिना १,७०० रुपयांचे होते. आपल्यासारख्या घराला हे नुकसान जाणवणारे आहे, ते आम्ही लपवत नाही. दुसरे नुकसान उपचारांचे. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. मात्र गृहलक्ष्मी एपीएल कार्डावरही मिळते. यजमानी किंवा तिचा पती आयकर भरत नसावा आणि जीएसटीचे विवरणपत्र भरत नसावा, एवढीच अट आहे. गृहज्योतीची वीजसवलत आणि स्त्रियांचा शक्ती योजनेतील मोफत बसप्रवास यांचा बीपीएल कार्डाशी संबंध नाही. पुष्कळ कुटुंबे ‘कार्ड गेले म्हणजे सगळे गेले’ असे समजून अर्जच करत नाहीत, हे पाहून वाईट वाटते.

आता दुसरी बाजू पाहा. ईएसआयसाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. आपल्या पगारावर आपले १०५ रुपये आणि मालकाचे ४५५ रुपये. त्या बदल्यात आपल्यावर, पत्नीवर, मुलांवर आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवरही उपचार होतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. फाउंड्रीच्या कामात तर अपघाताचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. वितळलेल्या लोखंडाने भाजले किंवा साचा अंगावर पडला आणि काही काळ काम करता आले नाही, तर पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम अपंगत्व टिकेपर्यंत मिळते, आणि कामावर मृत्यू आला तर कुटुंबाला मासिक निवृत्तिवेतन मिळते. कामावरील अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. ते संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे. रोख पगार घेणाऱ्याच्या हातात अशा वेळी ठेकेदाराची मेहरबानी एवढेच उरते.

पीएफचे १२ टक्के, म्हणजे पूर्ण पगारावर १,६८० रुपये, आपल्या हाती कमी येतील. परंतु तेवढेच मालकालाही भरावे लागतात आणि दहा वर्षांची सेवा झाली की वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतनाचा हक्क तयार होतो. म्हणजे ४५५ आणि १,६८० मिळून ठेकेदार दरमहा २,१३५ रुपये स्वतःचे वाचवतो आणि त्यातले ५०० आपल्याला देऊ करतो. हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा आहे, ते आकडेच सांगतात. आमचा सल्ला असा की, रोख पगाराला संमती देऊ नये. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय आणि वीस किंवा अधिक असलेल्याला पीएफ लागू होतो, आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कारखानदारावर येते. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात पगार २१,००० रुपयांच्या वर गेला म्हणून ईएसआय बंद होत नाही. ती मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत.

प्रश्न : मी बावीस वर्षे घरी बसून विड्या वळते. पाने आणि तंबाखू कंत्राटदार देतो. लॉगबुक (विड्यांची नोंदवही) माझ्या नावावर नाही, दुसऱ्याच बाईच्या नावावर माझ्या विड्या लिहिल्या जातात. घरी काम करणाऱ्यांना पीएफ नसतो, असे तो सांगतो. हे खरे आहे का?
– एक विडी कामगार, निपाणी

उत्तर : हे खरे नाही. घरी बसून विड्या वळणारी स्त्री ही त्या विडी कारखानदाराचीच कामगार आहे आणि तिला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच दिलेला आहे. आज चाळीस वर्षांनंतरही निपाणीत हा प्रश्न विचारावा लागतो, याची खंत वाटते. ज्या गावातील तंबाखू आणि विडी कामगार स्त्रियांनी १९८० च्या दशकात आपल्या हक्कांसाठी मोठे लढे दिले, त्या गावात तरी कोणा कष्टकरी बाईचे नाव कागदावरून गायब असू नये.

आपली खरी अडचण लॉगबुकची आहे. दुसरीच्या नावावर विड्या लिहिल्या जातात, तेव्हा आपल्या बावीस वर्षांची सेवा तिच्या खात्यात जमा होते. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते आणि या योजनेतील किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये आहे. रक्कम तुटपुंजी आहे, परंतु ती आपल्या हक्काची आहे. मागच्या वर्षांचा पुरावा गोळा करणे कठीण असले तरी अशक्य नाही: मजुरीच्या चिठ्ठ्या, त्याच कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या शेजारणींचे जबाब, विडी कामगार दवाखान्याचे जुने केसपेपर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यात आईचा व्यवसाय ‘विडी कामगार’ असा लिहिलेला असेल तर तो. हे सर्व घेऊन एकटीने न जाता चार-पाच जणींनी मिळून कामगार अधिकाऱ्याकडे आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा, कारण एकटीचे काम कंत्राटदार बंद करू शकतो, पाच जणींचे बंद करताना त्याला विचार करावा लागतो.

विडी कामगाराचे ओळखपत्र असेल, तर मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्तीही आहे. पहिली ते चौथीसाठी वर्षाला १,००० रुपयांपासून व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमासाठी २५,००० रुपयांपर्यंत ती मिळते आणि तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. बारावीनंतर शिकणारे मूल घरात असेल, तर पीएफचा वाद मिटण्याची वाट न पाहता आधी ओळखपत्र करून घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी चंदगड तालुक्यात दिली आहे. तिचा जन्म आणि शिक्षण खानापूर तालुक्यातले. तिला महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना लागू होते का? आणि आम्ही मराठी आहोत, तर आम्हाला येथे ती का मिळू नये?
– एक शेतमजूर, खानापूर तालुका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ही योजना महाराष्ट्रातील रहिवासी स्त्रियांसाठी आहे. भाषेचा तिच्याशी संबंध नाही. आपण कर्नाटकात राहता, म्हणून आपल्या घरातील यजमानीचा हक्क गृहलक्ष्मीवर आहे.

मुलीच्या बाबतीत मात्र नियम तिच्या बाजूचा आहे. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीचे लग्न महाराष्ट्रातील रहिवासी पुरुषाशी झाले असेल, तर तिच्या जन्मदाखल्याऐवजी पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालते. वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, या अटी आहेत. २०२४ साली अर्जांची मुदत वाढवत ऑक्टोबरपर्यंत नेली होती. तिने तेव्हा अर्ज केलेला नसेल, तर नवी नोंदणी कधी उघडते याची चौकशी सासरच्या गावच्या अंगणवाडी सेविकेकडे करत राहावी. त्याआधी एक काम आपल्या हातचे आहे. तिचे नाव अजून आपल्या रेशन कार्डावर असेल, तर ते कमी करून तसा दाखला तिला द्यावा. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाचे नाव असणे, ही आपल्या भागात सर्रास आढळणारी चूक आहे. बहुतेक वेळा ती दुर्लक्षाने होते, परंतु आधारमुळे आता ती लगेच उघड होते आणि नुकसान मुलीचे होते.

प्रश्न : आम्ही शहापुरात भाड्याने राहतो. मीटर घरमालकाच्या नावावर आहे. गृहज्योती आम्हाला मिळेल का? तसेच सासूबाईंना संध्या सुरक्षा या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे १,२०० रुपये मिळतात. त्यांना गृहलक्ष्मीही मिळेल का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : दोन्हींची उत्तरे होकारार्थी आहेत. भाडेकरूला गृहज्योती मिळते. भाडेकरार किंवा त्या पत्त्याचे ओळखपत्र आणि मीटरचा आरआर नंबर (बिलावरील जोडणी क्रमांक) लागतो, आणि आपला आधार आधीच्या भाड्याच्या घराच्या मीटरला जोडलेला असेल, तर तो आधी सोडवून घ्यावा लागतो. ‘२०० युनिट मोफत’ याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. त्या मीटरचा २०२२-२३ मधील सरासरी वापर आणि त्यावर थोडी वाढ एवढेच युनिट माफ असतात. त्याहून अधिक, पण २०० च्या आत वापर झाला, तर फरकाचे पैसे भरावे लागतात. २०० ओलांडले, तर त्या महिन्याचे पूर्ण बिल येते. वृद्धापकाळाचे किंवा विधवा निवृत्तिवेतन मिळत असल्यामुळे गृहलक्ष्मी नाकारली जात नाही.

प्रश्न : अर्ज कन्नडमध्ये, मोबाइलवर येणारा संदेशही कन्नडमध्ये. केंद्रातील मुलगा काय भरतो ते आम्हाला कळत नाही. दोनदा अर्ज नामंजूर झाला, कारण कोणी सांगत नाही. आम्ही मराठीत तक्रार केली तर घेतील का?
– एक ज्येष्ठ वाचक, उचगाव

उत्तर : भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. मराठीतील तक्रार भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही. तक्रार सौम्य शब्दांत पण नेमकी लिहावी. अर्ज क्रमांक, तारीख, केंद्राचे ठिकाण आणि ‘नामंजुरीचे कारण लेखी कळवावे’ ही एकच मागणी तीत असावी. काम लवकर व्हावे असे वाटत असेल, तर खाली त्याच मजकुराचा कन्नड अनुवाद शाळेत कन्नड शिकलेल्या नातवाकडून लिहून घेऊन जोडावा. हक्क मराठीचा आहेच, पण टेबलामागच्या माणसाला तो कागद त्याच दिवशी वाचता आला, तर आपली एक फेरी वाचते.

केंद्रात अर्ज भरताना पडदा आपल्याकडे वळवून नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक वाचून दाखवण्यास सांगावे. यात संकोच मानू नये. पुष्कळदा मोबाइल क्रमांक केंद्रचालकाचा स्वतःचा टाकला जातो आणि पुढचे सारे संदेश त्याच्याकडे जातात. गृहलक्ष्मीची तक्रार १९०२ या क्रमांकावरही नोंदवता येते. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला यांसारख्या नाडकचेरीतील (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातील) सेवांना २०११ च्या सकाल कायद्याने मुदत ठरवून दिली आहे. त्या अर्जाच्या पावतीवर एक क्रमांक असतो, आणि मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, परंतु ती मागणारा अर्ज वरिष्ठांपर्यंत जातो, म्हणून दाखला लवकर हलतो. तक्रारीच्या दोन प्रती न्याव्यात, आणि आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख दोन्ही स्पष्ट उमटली आहेत, हे कार्यालयाबाहेर पडण्यापूर्वी पाहून घ्यावे.